इंजिन बसते, ब्रेकचे काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी, इलेक्ट्रॉनिक पद्धत) इंजिनाचा पंप आणि चार इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) यांचा खर्च ऐकला की बेळगाव-निपाणीकडचा बोलेरोवाला थेट कोल्हापूरच्या जुन्या बाजारात त्या जागी बसवायला जुने, यांत्रिक पंपाचे डीआय इंजिन शोधायला निघतो. दोन्ही २५२३ सीसी, वर सेन्सर नको, ईसीएम (इंजिनाचा संगणक) नको, असा हिशेब. इंजिन बसते आणि सुरूही होते, पण तेवढ्याने गाडी तयार झाली असे नाही.

मुळात इंजेक्टर गेलेत का, तेच बहुतेक वेळा कोणी तपासत नाही. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) चार सारख्या बाटल्यांत सोडाव्यात आणि गरम इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलला चालवावे. एकाच बाटलीत दुप्पट-तिप्पट डिझेल जमले तर दोषी तो एकच इंजेक्टर. चारही बाटल्या सारख्या आणि तरी रेलला प्रेशर नसेल, तर पंपाकडे वळण्याआधी फिल्टर बघावा. खानापूर-जांबोटीच्या पावसात टाकीत पाणी उतरायला वेळ लागत नाही. मात्र चालू इंजिनवर रेलची लोखंडी नळी कधीही सैल करू नये. जुन्या इंजिनावर नट ढिला करून कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायची हाताला सवय असते; इथे तीच फवारणी कातडी भेदून आत जाते.

एवढे करूनही ज्यांनी जुने इंजिन बसवलेच आहे, त्यांनी आधी ब्रेक बघावा. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम होत नाही, ब्रेक बूस्टरला (पेडल हलके करणाऱ्या डब्याला) तो वेगळा पंप पुरवतो. जुन्या इंजिनावर हा पंप बहुधा अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो. नवा अल्टरनेटर ठेवायचा म्हणून तो काढला जातो, नाहीतर त्याची तेलाची नळी जोडायची राहून जाते आणि पंप कोरडा फिरून जाम होतो. भाजी भरून चोर्ला घाट उतरताना पेडल दगडासारखे झाले, तर मग इंजिन कितीही गोड चालो. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा मारावा, पेडल कडक झाले की पाय दाबून ठेवून चावी मारावी. पेडल थोडे खाली गेले तरच व्हॅक्यूम येतोय.

दुसरी जागा ॲक्सिलरेटर. कॉमन रेलचे पेडल वायरवर चालते, जुन्या पंपाला केबल लागते. केबल सायलेन्सरच्या नळीपासून लांब न्यावी, आणि पेडल तळाला टेकले तेव्हा पंपाचा दांडा आपल्या स्टॉप-स्क्रूला लागतोय ना, ते बघावे. परतीची स्प्रिंग दुहेरी हवी. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडला (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेला) चावीच्या लाइनवरून फ्यूज टाकून १२ व्होल्ट द्यावेत; थेट बॅटरीवरून दिले तर चावी काढल्यावरही इंजिन बंद होत नाही.

बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची) भोके जुळली म्हणजे क्लच जुळला असे धरू नये. गिअरबॉक्स शाफ्टचे स्प्लाइन (खाचा), क्रँकमधले पायलट बेअरिंग, फ्लायव्हील रिंगचे आणि स्टार्टरचे दात, तिन्ही मोजूनच इंजिन आत सोडावे. पंपाचे टायमिंग मागे राहिले तर पांढरा धूर आणि तापणे, पुढे गेले तर ठोका. बीएस-४ गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या दाटपणाचे एकक), त्याआधीच्यांना ६५. बीएस-४ गाडीत बसवलेल्या जुन्या इंजिनालाही ५० चीच परीक्षा द्यावी लागते.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. कलम १८२-अ (४) खाली दर बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कंपनी आणि सीसी तेच असले तरी प्रकार वेगळा, प्रदूषण मानकही खालचे. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला त्याच प्रकारचे दुसरे इंजिन घ्यावे आणि आरटीओची मंजुरी आधी घ्यावी. केए-२२ किंवा केए-२३ च्या (बेळगाव-चिकोडीकडच्या) गाडीत एमएच-०९ चे (कोल्हापूरचे) इंजिन येत असेल तर मोडीत निघालेल्या गाडीच्या रद्द आरसीची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेले बिल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नंबर घासलेला दिसला तर ते इंजिन तिथेच ठेवून यावे.

आपले,
उद्यमबाग परिसरातील काही डिझेल मिस्त्री, बेळगाव