हृदयरुग्णाला गोळी का, हे सांगायलाही शिकवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावात नर्सिंग आणि फार्मसी शिकणाऱ्या मुलामुलींना औषधशास्त्र शिकवणारी एक शिक्षिका या नात्याने त्यांच्या अभ्यासातील एका उणिवेबद्दल लिहीत आहे. मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे आणि त्याने नाडी मंदावते, एवढे आमचे विद्यार्थी झोपेतही सांगतील. मात्र खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेल्या मामांना घरी सोडताना तीच गोळी समजावून सांगायची वेळ आली, की "सकाळी एक, रात्री एक" यापलीकडे त्यांची मजल जात नाही.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ असते. शरीर विश्रांतीत असताना हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते, पण त्याच्या डाव्या जवनिकेच्या (खालच्या डाव्या कप्प्याच्या) स्नायूला स्वतःला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोके वाढले की हा विसावा आखडतो, म्हणजे काम वाढते आणि पुरवठ्याची वेळ घटते. बीटा ब्लॉकर नेमकी हीच ओढाताण कमी करतो. पुढे महिन्याभरात "आता बरं वाटतंय, कशाला गोळ्या?" म्हणून रुग्ण त्या एकदम सोडतो. औषध चालू असताना संख्येने वाढलेल्या बीटा ग्राहींवर, म्हणजे हे औषध अडवून धरते त्या पेशींवरच्या जागांवर, तेव्हा अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर अचानक पडतो, नाडी धावू लागते, छातीत कळ येते आणि धमन्या आधीच अरुंद असतील तर हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. ही गोळी थांबवायचीच झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा हळूहळू कमी करत थांबवावी लागते, हे त्या मामांना कोणी सांगितलेलेच नसते.

गुडघेदुखीच्या गोळ्यांचेही तसेच. शेतात राबणारी माणसे मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक घेतात. हृदय कमकुवत असलेल्याच्या शरीरात त्यामुळे मीठ आणि पाणी साचते, लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा परिणाम बोथट होतो, पायांवर सूज चढते आणि धाप वाढते. रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळीने होणारा कोरडा खोकला सर्दीचा समजून खोकल्याची बाटली घेणारेही कमी नाहीत.

दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही, कारण परीक्षेत आपण जे विचारतो तेच ते पाठ करतात. म्हणून आमच्या भागातील महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून, त्याच्या मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याचे एक औषध समजावून सांगण्याला स्वतंत्र गुण ठेवावेत, आणि सांगितलेले कितपत उमगले हे परीक्षकांनी त्या रुग्णालाच विचारून मग गुण द्यावेत.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, बेळगाव