सेलबोर्नहून

तीर्थरूप आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर हे धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. रविवारी सेलबोर्नला जाऊन आले. इंग्लंडातल्या हॅम्पशरमधलं एवढंसं गाव, आल्टन स्टेशनावरून पुढे बसनं जायचं. मागे बीच नावाच्या झाडांनी भरलेला डोंगर (आपण त्याला टेकाडच म्हणू) आणि पायथ्याशी सेंट मेरीचं चर्च.

आवारात शिरल्या शिरल्या यूच्या झाडाचा वाळका बुंधा दिसतो. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इथल्या पाद्र्यानं अठराव्या शतकात त्याचा घेर मोजला होता, 23 फूट. जानेवारी 1990च्या वादळात झाड मुळासकट पडलं, आणि मुळांखालून जुन्या थडग्यांतली हाडं निघाली! लोकांनी ते पुन्हा उभं केलं, पण जगलं नाही.

बाबा, हा व्हाइट थेट तुमच्यातला. पाऊस किती झाला, कोकिळा कधी ओरडली, पाकोळ्या कोणत्या तारखेला आल्या, सगळं टिपून ठेवायचा. दिसायला सारखेच असे तीन वटवटे पक्षी त्यानं नुसत्या आवाजावरून वेगळे काढले. भिंगऱ्या (त्याही पक्षीच) मात्र थंडीत दूरदेशी न जाता इथेच कुठेतरी दडून झोपत असतील, ही शंका काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. हे सगळं तो पत्रांतून कळवायचा. त्या पत्रांचं 1789 साली पुस्तक झालं.

आई, त्याला आत्याकडून एक कासव मिळालं होतं. तो त्याचं वजनसुद्धा करायचा. नाव टिमथी, म्हणजे बाप्याचं, आणि मागाहून कळलं की ती मादी होती!

चर्चमध्ये त्याच्या आठवणीत रंगीत काचांची खिडकी आहे. मधे सेंट फ्रान्सिस, भोवती पक्षीच पक्षी. बाहेर थडगं शोधायला मला पंधरा मिनिटं लागली. गुडघ्याइतकाही नसलेला शेवाळलेला दगड, त्यावर नावाची दोन आद्याक्षरं आणि 26 जून 1793. बस्स.

तिथे उभी असताना तुमची कॅलेंडरं आठवली. दुधाच्या हिशेबाशेजारी ‘पावश्या ओरडला’, ‘विहीर दोन पायऱ्या वर’. आम्ही भावंडं किती हसायचो त्याला. बाबा, ऑपरेशननंतर लिहिणं बंद केलंत असं आई म्हणाली. जाड पेन पाठवतेय, मोठ्या अक्षरात लिहा.

आणि आई, माळ्यावरचा तो गठ्ठा रद्दीत घालू नकोस. डांबराच्या गोळ्या टाकून ठेव, दिवाळीत आले की मी बघते.

तुमची,
मनू