कागदावर फक्त ‘ईआरसीपी फेल’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झालेल्या रुग्णाला ‘ईआरसीपी’साठी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत तार सरकवून खडा काढण्यासाठी, आत नेले जाते आणि काही वेळाने डॉक्टर बाहेर येऊन ‘आज नळीत शिरता आले नाही’ असे सांगतात. पोटविकारतज्ज्ञ म्हणून हे वाक्य मलाही उच्चारावे लागले आहे आणि ते ऐकणाऱ्या नातेवाइकांचा अविश्वासही मी पाहिला आहे. त्या नातेवाइकांसाठी आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठीही हे पत्र आहे.

पित्तनलिकेचे तोंड लहान आतड्याच्या सुरुवातीला एका बारीकशा उंचवट्यावर उघडते आणि बहुतेकांमध्ये स्वादुपिंडाची नळीही तेथेच येऊन मिळते. शेजारी आतड्याच्या भिंतीला पिशवी आलेली असेल, गाठीने तोंड दाबले गेले असेल किंवा जुन्या शस्त्रक्रियेत आतड्याची जोडणी बदललेली असेल, तर पित्तनलिकेत जायची तार पुन्हा पुन्हा स्वादुपिंडात शिरते. अशा वेळी नेटाने टोचत राहिले, तर ते तोंड सुजते आणि स्वादुपिंडाचा दाह होतो, जो क्वचित जिवावरही बेततो. म्हणूनच युरोपीय एंडोस्कोपी संघटनेने २०१६ मध्ये मर्यादा आखून दिली: पाचहून अधिक स्पर्श, पाच मिनिटांहून अधिक वेळ किंवा एकापेक्षा जास्त वेळा स्वादुपिंडात प्रवेश झाला, की प्रवेश अवघड समजावा आणि पद्धत बदलावी.

पद्धती अनेक आहेत. स्वादुपिंडात गेलेली तार तशीच ठेवून तिच्या शेजारून दुसरी तार घालता येते. सुईसारख्या चाकूने मूळ तोंडाला न दुखावता त्याच्या वरच्या बाजूने छेद घेता येतो, मात्र त्याला सरावलेला हात हवा. दुर्बिणीतल्या सोनोग्राफीने किंवा त्वचेतून यकृतामार्गेही पित्तनलिका गाठता येते. थंडी वाजून ताप येत नसेल, म्हणजे पित्तनलिकेत जंतुसंसर्ग नसेल, तर थांबून दोन-चार दिवसांनी पुन्हा केलेला प्रयत्न पुष्कळदा यशस्वी होतो. स्वादुपिंडाचा दाह टाळण्यासाठी इंडोमेथासिन या औषधाची गुदमार्गे द्यायची १०० मिलिग्रॅमची गोळी तर अगदी स्वस्त आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त धोका असलेल्या रुग्णांमध्ये दाहाचे प्रमाण तिच्यामुळे १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आले होते. ती द्यायची राहून जाऊ नये.

काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावाहून एक मध्यमवयीन बाई स्वादुपिंडाच्या तीव्र दाहासह माझ्याकडे आल्या. ‘आजच काम उरका’ असा घरच्यांचा आग्रह होता आणि तेथील डॉक्टर तासाहून अधिक वेळ प्रयत्न करीत राहिले होते. सोबतच्या चिठ्ठीवर ‘ईआरसीपी फेल’ एवढेच होते. तार किती वेळा स्वादुपिंडात गेली, छेद घेतला होता का, संरक्षणासाठी स्वादुपिंडाच्या नळीत स्टेंट (बारीक कृत्रिम नळी) ठेवला का, यातले एक अक्षरही नव्हते. एक्स-रे काढल्यावर तो स्टेंट दिसला. असा बारीक स्टेंट बहुधा आपोआप गळून पडतो, पण आठवडाभरात ते तपासावे लागते आणि राहिला असेल तर काढावा लागतो. त्याची नोंदच नसेल तर पुढच्या डॉक्टरने तो शोधायचा कसा?

रुग्णालयांनी चिठ्ठीत या तीन गोष्टी सक्तीने लिहाव्यात, आणि नातेवाइकांनी ती चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय रुग्णाला हलवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक पोटविकारतज्ज्ञ, सोलापूर