मामांचा पायोनिअर आणि तुझे नवे स्पीकर

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बंडू,

मामांचा रिसिव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) अखेर माझ्या बेसमेंटमध्ये आला. डिसेंबरात तो तुझ्याकडे भारतात आणतोय, आणि त्याला कोणते नवे स्पीकर लावायचे, हे तू विचारलं होतंस. पायोनिअर एसएक्स-780, 1978 सालचा. मामी त्याला "तो खोका" म्हणायच्या, आठवतंय? लाकडी पेटी अजून टकाटक आहे, पण आवाजाचं बटण फिरवलं की खरखर, आणि डावी बाजू मनात येईल तेव्हा गायची. इथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने बटणं आतून साफ केली, सुकलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बदलले. मग स्पीकरच्या टोकांना मीटर लावून डीसी (एकाच दिशेची वीज, जास्त झाली तर स्पीकर जाळते) किती येतोय ते मला दाखवलं. वीस-बावीस मिलिव्होल्ट होता, म्हणजे काळजी नाही. हे पाहिल्याशिवाय जुन्या रिसिव्हरला नवे स्पीकर जोडणं म्हणजे निव्वळ जुगार.

आता तुझा प्रश्न. केईएफचे एलएस50 तुझ्या डोक्यात बसलेत, पण इथे नकोत रे. गातात सुंदर, वाद नाही. पण त्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठ्याने वाजतात ते, 85 डेसिबल, आणि कागदावर 8 ओहम (करंटला होणारा अडथळा) लिहिलं असलं तरी काही सुरांवर ते 3.2 पर्यंत उतरतात. ओहम उतरले की करंट जास्त ओढला जातो. आपल्या खोक्यात स्पीकरला ताकद देणारे एसटीके-0050 नावाचे बंद ठोकळे आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. ते आता बनत नाहीत. बाजारात त्यांच्या नावाने नकली माल भरपूर मिळतो, म्हणून एक जरी उडाला तरी आपण बसणार कपाळाला हात लावून.

खोक्याचे दर बाजूला 45 वॅट कमी पडतील ही भीती मात्र सोड. आवाज 3 डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे 85 ऐवजी 88 चा स्पीकर घेतलास, तर 45 वॅटचे फुकटात 90 झाल्यासारखं. तुझी खोली दहा बाय बाराची, त्यात शेजारी कुलकर्णी काकू!

मग 96 डेसिबलचे क्लिप्श आरपी-600एम का नकोत? मी ऐकले. गाणं थांबलं की मागची बारीक सुर्रसुर्रही ऐकू येते. तंबोऱ्याची गाणी ऐकणाऱ्याला ते सोसवणार नाही. माझं मत एलॅकच्या डेब्यू बी6.2 ला. 87 डेसिबल, 6 ओहम. फक्त रिसिव्हरच्या मागे ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन जोड्यांची सोय आहे, तिथे मोह आवर. 6 ओहमच्या दोन जोड्या एकदम लावल्या की 3 च उरतात.

स्पीकर भिंतीला चिकटवू नकोस, वीतभर तरी पुढे ठेव. लाउडनेसचं बटण (हळू आवाजात खर्ज उठाव देणारं) रात्री हळू आवाजात लाव, एरवी बंद. आणि रिसिव्हरच्या मागे बनाना प्लग (तारेच्या टोकाला लावायची पिन) बसत नाही, तारच सोलून खोचायची.

सगळ्यात महत्त्वाचं: हा डबा 120 व्होल्टचा. आपल्या 230 मध्ये थेट खुपसलास तर मामा तुला सोडणार नाहीत आणि मीही नाही. 230 चे 120 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणून ठेव, चांगला दणकट. एफएमवर विविध भारती लागेल, पण जरा दबलेली वाटेल, कारण इथल्या आणि तिथल्या एफएमचं गणित थोडं वेगळं. ट्रेबल किंचित वर कर.

डिसेंबरात आणतोय. निम्मी बॅग त्यानेच खाल्लीय, त्यामुळे वहिनींनी सांगितलेल्या बदामांचं काय करायचं ते तूच त्यांना सांग.

तुझा,
नंदू