मिरजेचे तीन गेज: रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री,

मिरजेहून दक्षिणेला निघालेली गाडी विजयनगर सोडते आणि शेडबाळला कर्नाटकात शिरते. सीमेजवळच्या मिरज जंक्शनात 1971 मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आलं. तेव्हापासून 1990च्या दशकात लोंढ्याची मीटरगेज बदलेपर्यंत इथे तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधली अंतरं, नांदले: ब्रॉडगेज 1676, मीटरगेज 1000 आणि नॅरोगेज 762 मिलिमीटर. शेवटचं बार्शी लाइट या रेल्वे कंपनीचं. ते 1927 मध्ये पंढरपूरकडून सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग अशी गावं जोडत मिरजेत पोचलं. गेज बदललं की वाघीण पुढे जात नसे. पोती पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत न्यावी लागत. हमालांच्या त्या कष्टांची आठवण सांगणारी एक पाटी तरी स्टेशनात हवी.

एप्रिल 2016 मध्ये दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला गेलं, ते याच जुन्या नॅरोगेजच्या वाटेनं, रुंदीकरणानंतर. म्हणून या मार्गाची नोंद व्हायला हवी असं आम्ही आग्रहानं म्हणतो.

नॅरोगेजला तीव्र वळणं चालत, ब्रॉडगेजला नाहीत. त्यामुळे रुंदीकरणात वळण सरळ केलं की जुना भराव आणि मोऱ्या बाजूला उरतात. पुढे भरावाची माती उचलली जाते, मोरीचे घडीव दगड निखळतात, आणि मग गाळा, म्हणजे मोरीच्या तोंडाची रुंदी, किती होता हे मोजायलाही काही राहत नाही. अशा प्रत्येक मोरीचा गाळा, उंची, भरावाची माथ्यावरची रुंदी आणि अक्षांश-रेखांश नोंदवावेत. दोन्ही तोंडांचे फोटो मोजपट्टी धरून काढावेत.

जुने रूळ कुंपणाला खांब म्हणून उभे असतात. भंगारात देण्याआधी त्यांच्या उभ्या पट्टीवरची उठावाची अक्षरं वाचावीत. कारखाना आणि वर्ष बहुधा तिथेच सापडतं. गंज तारेच्या ब्रशनं हलकेच काढून आडवा खडू फिरवला की अक्षरं उमटतात. छिन्नी किंवा ग्राइंडर लावू नये, अक्षरंच जातात.

स्टेशनाबाहेर तिन्ही गेजचे दहा-दहा मीटर रूळ शेजारी शेजारी, वेगवेगळे टाकावेत. एक रूळ सामाईक ठेवून जागा वाचेल, पण रुळांच्या आणि स्लीपरच्या आकारातला फरक दिसणार नाही, आणि तोच तर दाखवायचा आहे.

मोजणी मार्च ते मे दरम्यान व्हावी. पावसानंतर गवतात आणि वेड्या बाभळीत मोऱ्या सापडत नाहीत.

आपले,
मिरज परिसरातील रेल्वे-इतिहासाचे अभ्यासक