तुझ्या नावाचं काय करायचं

चि. सोनू हीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस की लग्नाची नोंदणी करताना पुढे कोणतं नाव लावणार ते तिथे हंगेरीतल्या कचेरीत सांगावं लागतं, तर काय सांगू? मी लिहून कळवते म्हटलं, ते टाळायला नव्हे. माझं उत्तर पिरोश्का नावाच्या एका जुन्या राजकन्येच्या गोष्टीतून येतं, आणि ती फोनवर सांगण्याइतकी लहान नाही.

तुझ्याकडून परतताना आम्ही इस्तंबूलला दोन दिवस थांबलो होतो, आठवतं? हागिया सोफियाच्या वरच्या सज्जात जायला पायऱ्यांऐवजी दगडी चढण आहे. माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण चढले. दक्षिणेकडच्या सज्जात सोनेरी मोझेक आहे. मधे बाळ येशूला घेतलेली मरियम, एका बाजूला पैशांची थैली धरलेला बायझंटाइन सम्राट दुसरा योआनीस आणि दुसऱ्या बाजूला त्याची राणी. तिचे गाल लालसर आहेत आणि मुकुटाखालून तांबूस केसांच्या दोन लांब वेण्या खाली आल्या आहेत. जवळच खांबाच्या कडेला थोरला मुलगा अलेक्सिओस. राणीच्या डोक्याशी ग्रीक अक्षरांत लिहिलंय, ‘अत्यंत धर्मशील ऑगस्टा (म्हणजे सम्राज्ञी) इरीनी’.

ती जन्माने इरीनी नव्हती. ती पिरोश्का होती, हंगेरीचा राजा पहिला लास्लो याची मुलगी. हंगेरियनमध्ये पिरोश म्हणजे लाल, हे तूच मला शिकवलंस, आणि लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतली मुलगी तिकडे पिरोश्काच असते हेही. त्या वेण्या पाहिल्या आणि मला वाटलं, नाव पुसलं तरी रंग राहिला.

तिचा जन्म १०८८ च्या सुमाराचा. आई आडेलहाइड १०९० मध्ये गेली, वडील १०९५ मध्ये. सात-आठ वर्षांची मुलगी चुलत भावाच्या आश्रयाला राहिली. हा भाऊ म्हणजे राजा काल्मान, ज्याला हंगेरीत ‘पुस्तकवाला काल्मान’ म्हणतात. चेटकिणी अस्तित्वातच नसतात, तेव्हा त्यांच्याबद्दल चौकशी नको, असा कायदा त्या काळात करणारा माणूस! पण बहिणीच्या लग्नाचा प्रश्न आला तेव्हा तोही राजाच. त्याने क्रोएशिया घेतला होता, डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची शहरं त्याला हवी होती, आणि त्यावर कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे तेव्हाच्या इस्तंबूलचा, जुना हक्क होता. तिकडे सम्राट अलेक्सिओसला, म्हणजे योआनीसच्या वडिलांना, नॉर्मन सरदार बोहेमंडविरुद्ध सोबती हवा होता. ११०४-०५ च्या सुमारास सोळा-सतरा वर्षांची पिरोश्का सम्राटाच्या मुलाला, योआनीसला, दिली गेली. तिथे तिचं नाव बदललं, धर्माचा पंथही बदलला.

नावाची गंमत नव्हे, दुःख असं की तिच्या सासूचं नावही इरीनीच. आणि पुढे तिचा धाकटा मुलगा मानुएल सम्राट झाला, त्याने जर्मनीहून बेर्था नावाची मुलगी करून आणली, तिचंही नाव ठेवलं इरीनी. इरीनी म्हणजे शांती. सासू, सून, नातसून, तिघींना एकच नाव. जणू ते नाव देवघरातल्या चांदीच्या ताम्हनासारखं घरचंच होतं, येईल तिच्या हाती द्यायचं.

तिला आठ मुलं झाली. पहिली जुळी. नवरा तिच्यावर जीव लावणारा असावा, कारण ती १३ ऑगस्ट ११३४ ला गेली आणि त्याने पुन्हा लग्न केलं नाही. तो काळ सम्राटांच्या दुसऱ्या लग्नांचा होता, म्हणून मी हे आवर्जून लिहिते.

माहेर मात्र सुटलं नाही. काल्मानने आपला सख्खा भाऊ आल्मोश आणि त्याचा लहानगा मुलगा बेला या दोघांचे डोळे काढवले. वाचताना माझा हात थांबला होता. आंधळा आल्मोश पुढे पळून आला तो कॉन्स्टँटिनोपललाच, चुलत बहिणीच्या घरी. त्याला हाकलून द्या, असा निरोप काल्मानच्या मुलाने, राजा दुसऱ्या इश्तवानने पाठवला. योआनीसने ऐकलं नाही. ११२७ ते ११२९ या काळात डॅन्यूबच्या काठाने त्यावरून लढाई झाली, बेलग्रेड उद्ध्वस्त झालं. माहेर आणि सासर एकमेकांवर चालून जात असताना मधे उभं राहणं काय असतं ते मला लिहिता येणार नाही. ज्या मुलाला आंधळं केलं तोच बेला पुढे ११३१ मध्ये हंगेरीचा राजा झाला, एवढं तिला पाहायला मिळालं.

पण मला तिचा अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. मानुएलचा चिटणीस, इतिहासकार किन्नामोस सांगतो की सम्राटाकडून मिळालेला पैसा तिने मुलांसाठी साठवला नाही की दागिन्यांवर उधळला नाही, मागणाऱ्याला देत राहिली. तिने पान्तोक्रातोर मठाचं काम सुरू केलं. ती गेल्यानंतर दोन वर्षांनी, ११३६ मध्ये, योआनीसने मठाची नियमावली लिहवून घेतली. त्यात इस्पितळाची इतकी बारीक व्यवस्था आहे की वाचताना आपल्या आजीचं घर आठवतं. पन्नास खाटा. जखमा आणि मोडलेली हाडं यांच्यासाठी दहा, डोळे व पोटाच्या तीव्र दुखण्यांसाठी आठ, बायकांसाठी बारा, बाकीच्या इतर रुग्णांना. प्रत्येकाला गादी, उशी, पांघरूण. आठवड्यातून दोनदा अंघोळ. शस्त्रक्रियेची हत्यारं घासून धार लावायला स्वतंत्र माणूस. बायकांच्या कक्षात एक स्त्री वैद्य, मात्र तिचा पगार पुरुष वैद्यांहून कमी, हे वाचून मी नाराज झाले. शिवाय चोवीस म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम. इस्पितळ आज उरलेलं नाही, पण एकमेकांना चिकटलेली तीन चर्चं उरली आहेत. आता तिथे मशीद आहे, झेयरेक नावाची. डोक्यावरून पदर घेऊन आत गेले. तिला याच वास्तूत पुरलं होतं.

शेवटच्या दिवसांत तिने संन्यासिनीचं व्रत घेतलं तेव्हा तिला तिसरं नाव मिळालं, क्सेनी. म्हणजे परकी. तीसेक वर्षं त्या शहरात संसार केल्यावर, आठ मुलं तिथे वाढवल्यावर. मठात ते नाव नम्रतेचं मानत असतील, पण मला ते गिळवलं नाही.

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून तुझ्या बाबांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. आधी मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, तुझ्या बाबांनाही नाही. नव्या नावाने मला चांगलं घर दिलं, त्याबद्दल मनात काही नाही. पण तुझी आजी मला शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारत राहिली. ती गेली, आणि ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. त्या दिवशी मी दोघींसाठी रडले होते. तू लहान होतीस, तुला वाटलं मला ताप आलाय.

म्हणून विचारलंसच तर सांगते. तुझं नाव जसं आहे तसं ठेव. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला वाईट वाटेल असं मला वाटत नाही, तो समजूतदार मुलगा आहे. आणि तुझा निर्णय वेगळा असला तरी मी आनंदाने तेच नाव पाकिटावर लिहीन, फक्त आधी कळव.

एक काम कर. त्याच्या आजींच्या दारावर जी पाटी आहे, तिच्यावर आजोबांचं पूर्ण नाव आणि शेवटी ‘ने’ एवढंच आहे, अमक्यांची पत्नी. जेवायला गेलो तेव्हा मला विचारायचा धीर झाला नाही. त्यांचं स्वतःचं नाव काय ते विचारून ठेव. पुढच्या वेळी येईन तेव्हा त्यांना त्या नावाने हाक मारायची आहे.

तुझी,
आई