सावली न पडलेला खडा

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुम्ही रोज पन्नास पोटं बघता, तेव्हा माझी आई लक्षात असेलच असं नाही. उजव्या बरगडीखाली कळ, उलट्या आणि हातात आधीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट: पित्तनलिकेत खडा. त्याआधी पंधरा दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या होत्या. ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव आम्ही सुरू केली होती.

तुम्ही प्रोब टेकवलात आणि गप्प झालात. माझ्या पोटात गोळा आला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. "खड्याच्या मागे काळी सावली पडते. इथे नुसत्या दोन समांतर रेषा आहेत, सावली नाही. जरा थांबू." प्रोब तसाच धरून ठेवलात. बाहेर रांग होती, तरी. आणि त्या रेषा वळवळल्या.

जंत! आतड्यातला, पण वाट चुकून पित्तनलिकेत शिरलेला. मादी वीत-दीड वीत लांब असते, हे मला तेव्हा कळलं.

आई शरमेनं तोंड फिरवून बसली. "मी काय घाण खाते का?" तिला तुम्ही जे समजावलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र. अंडी मातीतून, भाजीवरून पोटात जातात; आतड्यात अळी बाहेर पडते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते आणि पुन्हा गिळली जाते. आई म्हणाली, "एवढा फिरून आला, मग चुकणारच की!" तेव्हा कुठे हसली.

औषधाची घाई केली नाहीत, हेही बरं केलंत. जंत नळीतच मेला तर तिथेच अडकेल, म्हणालात. दोन दिवस सलाईन, कळ थांबवायचं इंजेक्शन, मग परत सोनोग्राफी. नळी मोकळी! त्यानंतर जंताची गोळी: अल्बेंडाझोल, ४०० मिलीग्रॅम. दुर्बीण घालून काढायची वेळच आली नाही.

१० फेब्रुवारीला शाळेत मुलांना हीच गोळी देतात; साठीतल्या, दिवसभर मातीत हात असलेल्या बाईला कोण देतो?

तुमच्या सांगण्याप्रमाणे घरात सगळ्यांनी घेतली. बाबांनी तेवढी कुरकुर केली, "मला कुठे काय झालंय?" आईनं सोनोग्राफीचा फोटो पुढे धरला. मुकाट्यानं चावून खाल्ली.

आपली,
तुमच्या त्या पेशंटची मुलगी